इंग्रजी म्हणींचा अर्थ लावताना या चुका टाळा

इंग्रजी म्हणीत एखादा अवघड शब्द असला की आपण निमूटपणे शब्दकोश उघडतो, त्यामुळे अशा म्हणींच्या बाबतीत सहसा फसगत होत नाही. घोटाळा होतो तो ज्या म्हणीतला प्रत्येक शब्द शाळेपासून ओळखीचा असतो तिथे. अर्थ कळला असे गृहीत धरून आपण पुढे जातो आणि निबंधात, भाषणात किंवा मुलाखतीत ती म्हण नेमक्या उलट अर्थाने वापरून मोकळे होतो.

सर्वांत फसवी असते ती वाक्यरचना. 'इट इज ॲन इल विंड दॅट ब्लोज नोबडी एनी गुड' ही म्हण शब्दशः घेतली तर 'कोणाचेही भले न करणारा हा वारा वाईट आहे' असा अर्थ निघतो आणि सगळ्यांचेच नुकसान झाले असे सांगायचे असते तेव्हा ती वापरली जाते. प्रत्यक्षात, ज्यातून कोणाचेच भले होत नाही इतका वाईट वारा नसतोच, म्हणजे प्रत्येक संकटात कोणाचा ना कोणाचा फायदा होतोच, असे ही म्हण सांगते. 'इट इज अ लाँग लेन दॅट हॅज नो टर्निंग' हीसुद्धा त्याच साच्यातली. वाट लांबलचक आहे आणि तिला वळण नाही, अशी तक्रार तिच्यात नाही. वाट कितीही लांब असली तरी वळण येतेच, तेव्हा धीर धरा, असा दिलासा आहे. 'इट इज अ गुड हॉर्स दॅट नेव्हर स्टंबल्स' या म्हणीतही घोड्याचे कौतुक नसून, उत्तम घोडासुद्धा कधीतरी अडखळतो, एवढेच म्हटले आहे. या साच्याची म्हण दिसली की 'असा अमुक नसतोच' या रूपात ती मराठीत मांडून पाहावी. बहुतेक वेळा अर्थ तिथल्या तिथे सुटतो.

दुसरी चूक आज्ञार्थाची आहे. 'स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड' हे वाक्य आज्ञेसारखे दिसते, म्हणून छडी बाजूला ठेवा आणि मुलाचे लाड करा, असा प्रेमळ उपदेश त्यात वाचणारेही भेटतात. इथला आज्ञार्थ म्हणजे झाकलेली अट आहे: छडी आवरली तर मूल बिघडते. (हा विचार आज पटण्याजोगा नाही, पण म्हण न पटणे वेगळे आणि न कळणे वेगळे.) 'मॅरी इन हेस्ट, रिपेन्ट ॲट लेझर' या म्हणीतही घाईने लग्न करा असे कोणी सुचवत नाही, घाईने लग्न केले तर पुढे सावकाश पस्तावावे लागेल, असा इशारा आहे. याउलट 'लुक बिफोर यू लीप' हा सरळ सल्लाच आहे. तेव्हा 'जर-तर' घालून वाक्य नीट बसते का, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

जुन्या शब्दार्थांचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. 'द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग' यात 'प्रूफ' म्हणजे पुरावा नव्हे, तर परीक्षा. पदार्थाची परीक्षा तो खाल्ल्यावरच होते. हे एकदा कळले की 'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' या वचनालाही तीच किल्ली लावण्याचा मोह होतो आणि 'अपवाद नियमाची परीक्षा घेतो' असे स्पष्टीकरण दिले जाते. ते बरोबर नाही. या वचनामागे रोमन काळातला कायद्याचा युक्तिवाद आहे. इसवी सन पूर्व ५६ मध्ये रोमन वक्ता आणि वकील सिसरो याने, बेकायदा नागरिकत्व घेतल्याचा आरोप असलेल्या बाल्बसच्या बचावात असे मांडले, की काही तहांमध्ये त्या त्या लोकांना रोमचे नागरिकत्व देऊ नये असे कलम मुद्दाम घातलेले आहे, त्याअर्थी जिथे असे कलम नाही तिथे नागरिकत्व देता येते. 'रविवारी वाहनतळ विनाशुल्क' ही पाटी वाचून इतर दिवशी पैसे पडतात हे आपण ओळखतो, तसेच हे आहे. म्हणून आपल्या विधानाविरुद्ध कोणी उदाहरण दिले की 'अपवादाने नियम सिद्धच होतो' म्हणत हात झटकणे, हा त्या वचनाचा सर्रास होणारा गैरवापर आहे.

'यू कान्ट हॅव्ह युवर केक अँड ईट इट टू' ऐकून, केक आहे तर खायला काय हरकत, असे वाटणे स्वाभाविक आहे. इथे 'हॅव्ह' म्हणजे शिल्लक राखणे. आणि जुना क्रम आधी खाणे, मग राखणे असा होता, जो तर्काला अधिक धरून आहे. जॉन हेवूडच्या १५४६ च्या म्हणीसंग्रहात हाच क्रम सापडतो. अमेरिकेत टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या, तेव्हा अज्ञात असलेल्या 'युनाबॉम्बर'च्या १९९५ मध्ये छापल्या गेलेल्या जाहीरनाम्यातही ही म्हण जुन्याच क्रमाने होती आणि संशयित टेड कझिन्स्कीच्या एका घरगुती पत्रातही. १९९६ मध्ये त्याला अटक झाली, त्याआधी तपास यंत्रणेने जुळवलेल्या भाषिक साम्यांत हे एक होते.

अर्धवट उद्धृते थोडक्यात सांगता येतील. बायबलमध्ये सर्व अनर्थांचे मूळ पैसा नसून पैशाचा लोभ आहे. 'अ लिटल नॉलेज इज अ डेंजरस थिंग' असे म्हटले जाते, पण इंग्रज कवी अलेक्झांडर पोपच्या १७११ मधील मूळ ओळीत 'लिटल नॉलेज' नाही, 'लिटल लर्निंग' आहे.

आणखी एक सवय शालेय मार्गदर्शकांनी लावलेली आहे, ती म्हणजे प्रत्येक इंग्रजी म्हणीला एक मराठी म्हण जोडून टाकण्याची. 'नाचता येईना अंगण वाकडे' आणि 'अ बॅड वर्कमन क्वॉरल्स विथ हिज टूल्स' यांचे उत्तम जुळते. पण 'आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड' समोर 'दृष्टीआड सृष्टी' लिहिणे धोक्याचे आहे, कारण इंग्रजी म्हण दूर गेलेल्याचा विसर पडतो असे सांगते, तर मराठी म्हण पाठीमागे काय चालते त्याची फिकीर करू नये असे.

काही म्हणींना तर एकच अर्थ उरलेला नाही. 'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस' मध्ये शेवाळ ही मुळात चांगली गोष्ट होती, म्हणजे सतत जागा बदलणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पण आज अनेक जण शेवाळाला मरगळ समजतात आणि फिरत्या माणसाची स्तुती म्हणून हीच म्हण वापरतात. दोन्ही वापर रूढ आहेत. म्हणून एखाद्याच्या शिफारसपत्रात ती घालू नये. वाचणारा कोणत्या बाजूचा निघेल, ते सांगता येत नाही.