हायस्कूलच्या पोरांकडून कॉमेदिया देल्लार्ते बसवून घेताय? मग या चुका टाळा

ड्रामा शिकवणाऱ्या बहुतेकांना कधीतरी हा किडा चावतोच, की यावर्षी नेहमीचं पाठांतराचं नाटक नको, कॉमेदिया देल्लार्ते म्हणजे जुनी इटालियन मास्कवाली कॉमेडी करूया, संहिता नाही म्हणजे पाठांतराची कटकट नाही, पोरं मोकळी सुटतील. आणि मग पहिल्याच तालमीला सहा जण स्टेजवर, सगळे एकदम बोलतायत, एकजण दुसऱ्याला पाठीत बडवतोय, दोघं कोपऱ्यात स्वतःच्याच जोकवर हसतायत आणि समोर बसलेला वर्ग ढिम्म. घाबरू नका, हे सगळ्यांचं होतं, पण ते होण्याची कारणं ठरलेली आहेत.

सगळ्यात मोठी गफलत म्हणजे इम्प्रोव्ह (आयत्या वेळी संवाद रचणं) म्हणजे सुचेल ते बोलायचं असं समजणं. सोळाव्या-सतराव्या शतकातली ही इटालियन नटमंडळी जबरदस्त तयारीची होती, एक नट बहुतेक वेळा एकच पात्र वर्षानुवर्षं करायचा, त्या पात्राचे शिव्याशाप, प्रेमपत्रं, उपदेश, फुशारक्या, सगळं वहीत उतरवून पाठ केलेलं असायचं आणि आयत्या वेळी काय करायचं, तर यातलं कुठलं कुठे बसवायचं ते ठरवायचं. इ जेलोसी या नाटक कंपनीतला फ्रांचेस्को आंद्रेइनी कापितानो, म्हणजे बढाईखोर सैनिक, करायचा, त्याने आपल्या कापितानोच्या बढायांचं अख्खं पुस्तक 1607 मध्ये छापलं, म्हणजे विचार करा साठा केवढा असेल. आपल्या दशावतारातले नट कसे कथानक तेवढं ठरवून रात्रभर संवाद उभे करतात, तसंच हे, साठा असल्याशिवाय जमतच नाही.

म्हणून पोरांना आधी वही करायला लावा. पांतालोने, म्हणजे कंजूस म्हातारा, करणाऱ्या पोराकडे पैसे गेल्यावरचा आकांत, नोकराला झापायची तीन वाक्यं, तरुण मुलीसमोर गोड बोलायची दोन वाक्यं आणि पोटच्या पोराला द्यायचा उपदेश एवढं तोंडपाठ हवं. दोत्तोरे हे पोकळ विद्वानाचं पात्र, त्याला बोलोन्याच्या विद्यापीठातल्या पंडितासारखं कुठल्याही विषयावर न थांबता दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे, अर्थ लागला नाही तरी चालेल, किंबहुना लागू नयेच. हा साठा झाला की पोरं आपोआप कमी ओरडतात, कारण ओरडण्याचं खरं कारण पुढे काय बोलायचं ते माहीत नसणं हेच असतं.

आता मास्क. पहिल्याच दिवशी पेटी उघडून मास्क वाटू नका, प्लीज. पोरं आरशासमोर सेल्फी काढण्यात तास घालवतील तो वेगळाच, पण खरी अडचण अशी की मास्क आला की अंग विसरलं जातं. आधी नुसत्या चालण्यावर काम करा. पांतालोने म्हातारा व्हेनिसचा व्यापारी, पाठीला बाक, एक हात कायम पैशाच्या थैलीवर. कापितानोची छाती पुढे आणि पाय कुठल्याही क्षणी पळायच्या तयारीत. आर्लेक्कीनो बेर्गामोचा भुकेला नोकर, गुडघे वाकलेले, वजन हलकं, एका जागी उभा राहिला तरी आतून हलतोय. मास्क नसताना लांबून नुसतं चालणं बघून पात्र ओळखू आलं की मगच मास्क द्या.

मास्क दिल्यावर तीन नियम, आणि यात सूट नाही. स्टेजवर मास्कला हात लावायचा नाही. मास्क चेहऱ्यावर असताना स्वतः म्हणून बोलायचं नाही, शंका असेल तर पाठ फिरवायची, मास्क काढायचा आणि मग विचारायचं. आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, नाकाने बघायचं. मास्कच्या भोकातून डोळे फिरवले तर तिसऱ्या रांगेतल्याला सुद्धा काही कळत नाही, नाक वळलं तर शेवटच्या रांगेलाही कळतं.

एखादं पोर मास्क घालायला ठाम नकार देतं, घुसमटतं, त्याला नाटकी ठरवू नका. 1947 साली मिलानच्या पिक्कोलो तेआत्रोमध्ये दिग्दर्शक जॉर्जो स्त्रेलरने अठराव्या शतकातल्या गोल्दोनी या नाटककाराचं दोन मालकांच्या नोकराचं नाटक केलं, त्यातला आर्लेक्कीनो मार्चेल्लो मोरेत्ती, त्यालाही मास्क नको होता, तो सुरुवातीला चेहऱ्यावर मास्क रंगवूनच काम करायचा. नंतर आम्लेतो सार्तोरी या मास्क बनवणाऱ्याने त्याच्यासाठी चामड्याचा मास्क बनवला आणि मग तो त्यात रुळला. तेव्हा अशा पोराला नाटकातल्या तरुण प्रेमिकांच्या जोडीपैकी एक करा, ते बिनमास्कचेच असतात, किंवा कोलोम्बिना ही मोलकरीण द्या, तीही बहुतेक वेळा बिनमास्कचीच.

मात्र प्रेमिक म्हणजे उरलेल्यांची सोय असं करू नका! ही चूक फार कॉमन आहे. बाकी सगळे धमाल करतायत आणि हे दोघं कोपऱ्यात सिरियस बोलतायत असं झालं की नाटक तिथेच बसतं. या दोघांचं प्रेम एकमेकांवर कमी आणि स्वतःच्या प्रेमात असण्यावर जास्त असतं, रुमाल पडला तरी जगबुडी, ही सुद्धा कॉमेडीच आहे. आणि मुलींना फक्त प्रेमिका आणि मोलकरीण, मुलांना बाकी सगळं, ही वाटणीही विसरा. त्या काळी इंग्लंडमध्ये बायकांना व्यावसायिक रंगभूमीवर जागा नसताना इटलीत 1564 च्या एका करारात लुक्रेत्सिया नावाच्या बाईची सही आहे, आणि इझाबेला आंद्रेइनी तर युरोपभर गाजलेली नटी होती. पांतालोने मुलीने केला तर काही बिघडत नाही, उलट मुली बाक जास्त चांगला काढतात असा माझा अनुभव आहे.

लात्सी म्हणजे ते ठरलेले कॉमेडी तुकडे (एक तुकडा म्हणजे लात्सो), इथे दोन प्रकारे माती होते. एक म्हणजे लात्सो कुठूनही येतो, दुसरं म्हणजे तो संपतच नाही. स्त्रेलरच्या त्या नाटकातला माशीचा तुकडा घ्या, वर्गात शिकवायला याच्याइतका सोपा दुसरा नाही. आर्लेक्कीनो उपाशी आहे, हे आधी दिसलं पाहिजे. माशीचा आवाज येतो, नाक आवाजामागे जातं, थांबतं. मग नाक प्रेक्षकांकडे, म्हणजे मला जे सुचलंय ते तुम्हालाही सुचलंय ना. हळूच हात, झडप, मूठ बंद. मूठ कानाशी, आहे अजून आत. पुन्हा प्रेक्षकांकडे. पंख तोडतो, आणि खातो. पोरं यात हमखास काय गाळतात तर प्रेक्षकांकडे बघणं, आणि ते गाळलं की उरते नुसती माशी पकडण्याची माइम, हसू येतच नाही. मी तर त्यांना माशी बाजूला ठेवून नुसते थांबे करून घेते, आवाज, थांब, बघ, आवाज, थांब, बघ, कंटाळा येईपर्यंत. आणि संपल्यावर ताबडतोब कोणीतरी हाक मारत आत आलं पाहिजे, कथा पुढे सरकली पाहिजे.

ती कथा भिंतीवर लावा. जुन्या कंपन्या प्रसंगांचा आराखडा विंगेत टांगायच्या, कोण येतो, काय हवंय, कोण जातो. फ्लामिनियो स्कालाने 1611 मध्ये असे पन्नास आराखडे छापले, त्यात संवाद जवळजवळ नाहीतच. तुमचा कागदही तसाच हवा, मोठ्या अक्षरात. स्टेजवर गर्दी होत असेल तर दोष पोरांचा नाही, कागदावर कोणाच्या बाहेर जाण्याचं कारणच लिहिलेलं नसतं. आणि कोणी अडकलं तर सुटकेचा ठरलेला मार्ग ठेवा, नोकर चिठ्ठी घेऊन धावत येतो, बस्स.

काहीजण याला शॉर्टकट म्हणून गोल्दोनीचंच नाटक पाठ करून घेतात. नाटक म्हणून उत्तम, पण त्याने ते 1745 मध्ये साक्की या नटासाठी लिहिताना बऱ्याच जागा नटावर सोडल्या होत्या आणि पुढे छापताना सगळे संवाद लिहून काढले, तेव्हा ते पाठ केलं की इम्प्रोव्हचा भाग शिकवून झाला असं होत नाही. एखादा प्रसंग वाचा, त्याचा आराखडा काढायला लावा आणि पुस्तक बंद करा.

मारामारी. स्लॅपस्टिक म्हणजे मुठीपाशी जोडलेल्या दोन पातळ फळ्या, एकमेकींवर आपटून आवाज मोठा आणि मार नगण्य. ती नसेल तर लाटणी-झाडू अजिबात नको, मारायचं हवेत आणि टाळी विंगेतून कोणीतरी वाजवायची. वेग मार खाणारा ठरवणार, मारणारा नाही.

मूळ कॉमेडी बोलीभाषांवर उभी होती, व्हेनिसची, बेर्गामोची, स्पॅनिश कापितानोची टर. आजच्या वर्गात पोरं लगेच कुठल्यातरी समाजाचा ॲक्सेंट काढतात आणि मग पालकांचे ईमेल येतात. ॲक्सेंटऐवजी स्वभाव द्या, कंजूस, बढाईखोर, सगळं समजावून सांगणारा. (दोत्तोरेसाठी पोरांना उदाहरणं शोधावी लागत नाहीत, फक्त स्टाफरूममधली नकोत एवढं बजावा.) म्हाताऱ्याने तरुण मुलीमागे लागण्याचे प्रसंग त्याच्या फजितीवरच संपवा. आर्लेक्कीनोचा मास्क परंपरेने काळा असतो, पण अमेरिकेत शिकवत असाल तर तपकिरी घ्या, काळ्या चेहऱ्याच्या कॉमेडीचा तिकडचा इतिहास वाईट आहे.

ग्रुपमध्ये भांडणं होणारच. पादुआमध्ये 25 फेब्रुवारी 1545 ला आठ नटांनी नोटरीसमोर करार केला होता, प्रमुख कोण, पैशाची वाटणी कशी, कोणी आजारी पडला तर खर्च कोणाचा. पोरांना तसाच स्वतःचा करार लिहायला लावा, कोणाचा जोक कोणी कापायचा नाही इथपासून, आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

राहिली किरकोळ पण शोच्या दिवशी हमखास नडणारी गोष्ट, चष्मा. हाफ मास्कखाली (चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग झाकणारा) तो बसत नाही, बसला तर धुकं धरतो, आणि आजूबाजूचं दिसणं आधीच कमी झालेलं असतं. स्टेजच्या कडेला पांढरी जाड टेप लावा, चष्मेवाल्या पोरांना निदान चार तालमी बिनचष्म्याने करू द्या, मास्क आतून प्रत्येक वापरानंतर पुसा, आणि इलॅस्टिकचे जादा तुकडे व सेफ्टी पिना विंगेत ठेवा.