व्हॅन गॉगने रंगवलेली ऱ्होनकाठची रात्र कशी पाहावी?

रात्रीचं चित्र म्हटलं की आपली नजर आधी काळोख शोधते. व्हॅन गॉगचं 'ऱ्होनवरची तारांकित रात्र' पाहताना मात्र उजेडाचा माग काढायचा. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात, सप्टेंबर १८८८ मध्ये त्याने हे चित्र रंगवलं. त्याच्या घरापासून ऱ्होन नदीचा काठ एक-दोन मिनिटांवर होता. चित्र आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण ते पडद्यावरच पाहणार, म्हणून आधी थोडी तयारी. मोबाइलवर रात्रीसाठी लावलेला पिवळसर फिल्टर बंद करा. तो निळा रंग मारतो आणि हे चित्र निळ्यावरच उभं आहे. शक्यतो संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची प्रतिमा घ्या, कारण पोस्टरवरचे रंग अनेकदा भडक असतात. मूळ कॅनव्हास साधारण ७३ बाय ९२ सेंटिमीटरचा आहे, तेव्हा पडदा जितका मोठा तितकं बरं.

आता डोळे किंचित मिटून अख्खं चित्र एकदम पाहा. चित्रकारही असंच करतात. बारकावे पुसले जातात आणि निळ्याचा मोठा विस्तार आणि मधल्या पट्ट्यातले केशरी-पिवळे दिवे एवढंच उरतं. निळा आणि केशरी हे पूरक रंग; शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात.

मग डोळे उघडून निळे वेगळे करा. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच यादी दिली आहे: आकाश हिरवट निळं, पाणी गडद निळं, जमीन फिकट जांभळी, गाव निळं-जांभळं. एकेक भाग या यादीशी ताडून पाहा. रात्र दिवसापेक्षाही अधिक रंगीत असते, असं त्याचं ठाम मत होतं. ते पटतं की नाही, हे इथे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता येतं.

सर्वांत जास्त वेळ पुढच्या पायरीला द्या. एक दिवा निवडा, प्रतिमा मोठी करा आणि त्याच्या प्रतिबिंबावरून नजर हळूहळू खाली आणा. दिव्यापाशी पिवळा असलेला रंग पाण्यात तांबूस सोनेरी होतो आणि खाली हिरवट काशाच्या रंगाकडे झुकतो. प्रतिबिंब उभं आहे, पण ते रंगवणारे फटकारे आखूड आणि आडवे आहेत. पाणी हलतंय असं वाटतं ते यामुळेच. आता वर एका ताऱ्याकडे जा. मध्यभागी रंगाचा जाड ठिपका, भोवती छोटे किरण. तारा आणि दिवा आळीपाळीने पाहा. गॅसच्या दिव्याचं सोनेरी तेज अंगावर येतं. ताऱ्यांची हिरवी-गुलाबी लकाकी फिकी, संयत आहे. हा विरोध त्याने पत्रातही मुद्दाम नोंदवला आहे आणि माझ्या मते चित्राचा प्राण इथेच आहे. विशेष म्हणजे तो रात्रीच, गॅसच्या दिव्याखाली उभा राहून हे रंगवत होता.

तारे पाहता पाहता सप्तर्षी ओळखा, सातही सापडतात. पण एक गंमत लक्षात घ्या. चित्रातला देखावा नैर्ऋत्येकडचा आहे आणि सप्तर्षी असतात उत्तरेला. म्हणजे पाठीमागचं आकाश त्याने समोर आणलं! इम्प्रेशनिस्ट चित्रकार त्या क्षणी डोळ्यांना दिसलेल्या उजेडाशी इमान राखत. व्हॅन गॉग जे दिसतं ते आपल्या मनाजोगं मांडतो. अशा चित्रकारांना 'पोस्ट-इम्प्रेशनिस्ट' हे नाव १९१० मध्ये इंग्रज कलासमीक्षक रॉजर फ्रायने लंडनच्या प्रदर्शनात दिलं, तेव्हा व्हॅन गॉगला जाऊन वीस वर्षं झाली होती.

खालच्या कोपऱ्यातलं जोडपं आणि काठावरच्या होड्या शेवटी पाहा. आधी पाहिल्या तर मन गोष्ट रचू लागतं आणि रंग हातचे सुटतात.

एवढं झाल्यावर जून १८८९ मधलं त्याचं प्रसिद्ध 'तारांकित रात्र' शेजारी उघडा. ते सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना, जागेवर नव्हे तर दिवसा खोलीत बसून रंगवलेलं आहे. दोन्ही आकाशांतले फटकारे ताडून पाहा: ऱ्होनवर ते आखूड आणि बरेचसे शांत आहेत, तिथे भोवऱ्यांसारखे फिरतात. शिवाय तिथे नदी नाही, गॅसचे दिवेही नाहीत; गावातल्या खिडक्यांचा उजेड अगदी जेमतेम, आणि रात्रीचा सगळा भार आकाशावर आहे.