येतं सगळं पण पेपर अपुरा राहतो? स्पीड आणि अक्षर दोन्ही कसं बसवायचं

पेपर सुटल्यावर गेटवर कोणत्याही पोट्ट्याले विचारा, अर्ध्याच्या वर हेच सांगतात की येत होतं पण टाईम पुरला नाही. मग घरचे म्हणतात हात चालव जरा लवकर, अन् पोट्टा पुढच्या पेपरात खरंच हात चालवतो, मग लिहिलेलं त्याचं त्यालाच वाचता येत नाही. हात जोरात चालवून स्पीड वाढत नाही बाप्पा. वेळ जातो तो थांबण्यात, पेन उचलण्यात, खोडण्यात, अन् दोन तासांनंतर हात आखडला की. त्यातलं तुमचं नेमकं कोणतं आहे ते आधी शोधा, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

शोधायचं असं. मोबाईलवर पाच मिनिटं लावा अन् प्रतिज्ञा लिहा, भारत माझा देश आहे, संपली की परत पहिल्यापासून. ती सगळ्यांना झोपेतही पाठ असते म्हणून विचार करायला काहीच लागत नाही, जे शब्द होतील तो तुमच्या नुसत्या हाताचा स्पीड. पाचाने भागा, लिहून ठेवा. मग एक तास दुसरं काही लिखाण करा आणि न थांबता परत पाच मिनिटं प्रतिज्ञा, हा थकलेल्या हाताचा स्पीड. तिसऱ्यांदा, कधी न लिहिलेला प्रश्न घ्या आणि पाच मिनिटं उत्तर लिहा. आता तिन्ही आकडे बाजूबाजूला ठेवा. पहिला चांगला आणि तिसरा एकदम पडला तर तुमचा प्रॉब्लेम हाताचा नाहीच, उत्तर डोक्यात तयार नाही म्हणून पेन हवेत थांबून रायला, तिथे कितीही सुलेखन करा फायदा नाही, मुद्दे पाठ करा आणि लिहायच्या आधी पेन्सिलने कोपऱ्यात तीन-चार शब्दांत मांडून घ्या. दुसरा पडला तर पकड आणि बसणं बघायचं. पहिलाच कमी असेल तर मग अक्षर कसं काढता तिथे गडबड आहे.

स्पीड किती पाहिजे हे परीक्षेवर आहे. दहावीचा मराठीचा पेपर ८० मार्काचा, तीन तास, म्हणजे मार्कामागे सव्वादोन मिनिटं. विज्ञान भाग एक किंवा दोन ४० मार्काला दोन तास, तिथे मार्काला तीन मिनिटं मिळतात त्यामुळे विज्ञानात टाईम पुरला नाही म्हणणारा बहुतेक वेळा आकृत्या रंगवत बसलेला असतो. २०२३ पासून बोर्ड शेवटी दहा मिनिटं जास्त देतं, ती नवीन उत्तर लिहायला धरू नका, तपासायला ठेवा. खरी कसोटी यूपीएससी मेन्सची. जीएसच्या म्हणजे सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात २० प्रश्न, दहा १५० शब्दांचे आणि दहा २५० शब्दांचे, म्हणजे ४००० शब्द १८० मिनिटांत, मिनिटाला बावीस, आणि त्यातच प्रश्न वाचणंही आलं विचार करणंही आलं. राज्यसेवा मुख्य पण २०२५ पासून वर्णनात्मक झाली, १७५० गुणांची, त्यामुळे आमच्याकडच्या अभ्यासिकांत इतकी वर्षं नुसते गोल काळे करणारे पोरं-पोरी आता वही घेऊन बसले आहेत आणि बहुतेकांना कॉलेज सुटल्यापासून तीन तास सलग लिहायची सवयच नाही.

आता मुख्य गोष्ट, डोक्यावरची रेघ. देवनागरी लिहिताना सगळ्यात जास्त वेळ कुठे जात असेल तर पेन उचलण्यात. खूप पोरं एक अक्षर काढतात, त्याच्यावर रेघ मारतात, मग दुसरं अक्षर, मग रेघ. चार अक्षरी शब्दाला चार रेघा. हे बंद करा. शब्दाची सगळी अक्षरं काने-वेलांट्या-उकारासकट काढा, मग डावीकडून उजवीकडे एकच रेघ, आणि मग वरच्या मात्रा, रफार, अनुस्वार डावीकडूनच एका झटक्यात. सुरुवातीला आठवडाभर स्पीड उलटा कमी होईल, घाबरू नका. आपल्या जुन्या लोकांनी मोडीत हाच विचार केला होता, मोडीत आधी पूर्ण ओळभर रेघ आखून घेत आणि मग खाली अक्षरं लटकवत जात, पेन कमीत कमी उचलून, म्हणून कारकुनाचा हात पळायचा.

काही जण म्हणतात रेघच नका मारू. माझं मत विचाराल तर मराठीच्या पेपरात तरी सोडू नका, आणि बाकी पेपरात सोडायचीच असेल तर दोन शब्दांत एका अक्षराएवढी जागा ठेवाच, नाहीतर शब्द कुठे संपला ते तपासणाऱ्याला कळतच नाही. अजून एक, भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक वरच्या टोकाशीच असतो, त्यामुळे सरळ सपाट रेघ मारत गेलात की धन चं घन होतं. भ आणि ध ची वरची गाठ नीट गोल काढा आणि रेघ तिथे तोडा.

अक्षर वाचता येतं की नाही हे स्वतः ठरवू नका, आपलं आपल्याला वाचता येतंच. घरात सहावी-सातवीतला कोणी असेल त्याच्या हातात तुमचं घाईत लिहिलेलं पान द्या आणि मोठ्याने वाचायला लावा, जिथे अडखळला तिथे गोल करा. पानभर गोल होतील पण मोजून पाहिलं तर तीन-चार अक्षरंच सारखी सारखी घोटाळा करत असतात. नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत, ख चा पाय खाली जोडला नाही की खाना चा रवाना होतो, ब च्या पोटातली तिरपी रेघ विसरली की व, ष ची विसरली की प, थ ची गाठ बुजली की य. आकड्यात १ आणि ९, अन् गणितात हे लय महागात पडतं. तेवढीच अक्षरं घ्या, सुटी नाही तर शब्दात, रोज दहा मिनिटं. पूर्ण बाराखडी गिरवायच्या वह्या आणून काही होत नाही, त्या लहान पोरांसाठी ठीक आहेत, तुम्हाला सुंदर अक्षर नको आहे, एका नजरेत कळणारं पाहिजे. जोडाक्षरांचं म्हणाल तर द्य, द्ध, द्व घाईत एकसारखे दिसत असतील तर सरळ पाय मोडून लिहा, बालभारतीच्या पुस्तकांतही विद्‌यार्थी असं छापलेलं आहे. फक्त पूर्ण पेपरात एकच पद्धत ठेवा.

साईज पण महत्त्वाची. आखीव पानावर अक्षर ओळीच्या निम्म्या ते पाऊण उंचीत बसवा, म्हणजे वरची मात्रा आणि वरच्या ओळीचा उकार एकमेकात घुसत नाहीत. टपोरं अक्षर छान दिसतं पण हाताला प्रवास जास्त होतो आणि पुरवण्या वाढतात. पुरवण्या जास्त म्हणजे मार्क जास्त हा गैरसमज कोणी पसरवला देव जाणे.

पकडीचं सांगतो. आपल्याकडची बरीच पोरं सोयाबीन सोंगताना विळा धरावा तसा पेन धरतात, घट्ट. पान उलटं करून मागून बोट फिरवा, अक्षरं उठलेली लागली तर दाब जास्त आहे, तोच दाब दोन तासांनी अंगठ्याच्या बुडाला दुखतो. पेन टोकापासून दोन-अडीच सेंटीमीटर वर धरा, अंगठा आणि पहिल्या बोटात, खाली मधल्या बोटाचा टेकू. आणि नुसती बोटं नाही, कोपरापासून हात सरकला पाहिजे. त्यासाठी कोपर टेकायला जागा लागते, आणि आपण घरी सतरंजीवर मांडी घालून, वही गुडघ्यावर ठेवून लिहितो, मग परीक्षेत बाक मिळाला की हात बावचळतो. निदान रविवारी तरी शाळेतल्या बाकावर किंवा अभ्यासिकेतल्या टेबलावर लिहा. पान थोडं तिरपं ठेवा, उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डावीकडे झुकवून, डावखुऱ्याने उजवीकडे झुकवून, आणि डावखुऱ्यांनी हात ओळीच्या खाली ठेवायचा म्हणजे ओली शाई पुसत जात नाही.

शाईवरून आठवलं, जेल पेन गुळगुळीत चालतो पण आपल्याकडे युनिव्हर्सिटीचे उन्हाळी पेपर एप्रिल-मे मध्ये, पारा पंचेचाळीसला, पंखा चालू असेल तर नशीब आणि लाईन गेली तर विचारूच नका, घामाच्या हाताखाली जेलची शाई पसरते. पातळ शाईचा बॉल पेन घ्या, हाताखाली रुमाल ठेवा. आणि महिनाभर ज्याने सराव केला तेच दोन-तीन पेन न्या, परीक्षेच्या दिवशी कोणी कितीही भारी नवीन पेन गिफ्ट दिला तरी तो घरी.

सराव कधीपासून तर दिवाळीनंतर लगेच. कापूस वेचणीचे दिवस असतात हे मान्य, बोंडाची टोकं बोटाला टोचून टोचून संध्याकाळी पेन धरवत नाही, अशा दिवशी वावरातून आल्यावर स्पीड मोजत बसू नका, नुसती ती चार अक्षरं काढा. बाकी दिवशी वीस मिनिटं पुरे, एक मिनिट आरामात लिहा, एक मिनिट जेवढं जमेल तेवढं फास्ट, परत आरामात. फास्ट मिनिटातलं पान त्या सहावीवाल्याला वाचायला द्या, तो जिथे अडखळायला लागतो तो तुमचा आजचा खरा स्पीड, त्याच्या वरचा मोजायचा नाही. आणि आठवड्यातून एकदा पूर्ण पेपर, तीन तास, मध्ये चहा नाही, मोबाईल दुसऱ्या खोलीत. स्टॅमिना फक्त त्यानेच येतो, तुकड्यातुकड्याने दहा तास लिहिलं तरी येत नाही.

पेपरात चुकलं तर एक आडवी रेघ आणि पुढे चला, गिरगिटवून काळा डबा करण्यात वेळही जातो आणि पानही घाण दिसतं. प्रश्न क्रमांक समासात ठळक, दोन उत्तरांत एक ओळ मोकळी. एक उत्तर झालं की पेन ठेवून हात खाली सोडून पाच सेकंद झटका.

आणि एवढं सगळं दोन-तीन महिने करूनही एखाद्या पोराचं अक्षर जराही हलत नसेल, तोंडी धडाधड सांगतो पण लिहायला बसला की अक्षरं उलटीपालटी, तर त्याला आळशी म्हणून झोडपू नका, ती लेखन अक्षमता असू शकते. प्रमाणपत्र असेल तर बोर्ड जादा वेळ आणि इतर सवलती देतं, पण तो अर्ज शाळेमार्फत जातो आणि प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखान्यात चकरा होतात, त्यामुळे नववीतच हेडसरांना जाऊन भेटा, दहावीच्या जानेवारीत नाही.