हायब्रिड व्हीटॉलची बॅटरी किती मोठी घ्यायची?

तुर्भ्याच्या बाजारातून भाजी नेणारं १००० किलोचं, जनरेटर आणि बॅटरी दोन्हींवर चालणारं (हायब्रिड), सरळ वर उठणारं (व्हीटॉल) विमान आखताना आधी हवेत स्थिर राहायला लागणारी शक्ती काढा. ३५ अंशांना हवेची घनता साधारण १.१५ किलो प्रति घनमीटर, पंख्यांचं एकूण क्षेत्रफळ १० चौरस मीटर. वजन ९८१० न्यूटन, आणि २ × घनता × क्षेत्रफळ म्हणजे २३; तर ९८१० × √(९८१० ÷ २३) म्हणजे २०३ किलोवॅट. कार्यक्षमता ०.७ धरली की २९०. जनरेटर ६० देत असेल, तर उरलेले २३० बॅटरीचे.

चूक इथे होते. हवेत दोन मिनिटं स्थिर राहायला बॅटरीतून जेमतेम ८ युनिट लागतात, म्हणून छोटी बॅटरी बसवली जाते. मग व्होल्टेज कोसळतं, तेही नेमकं उतरताना. बॅटरी १० सी दराची, म्हणजे जितके युनिट साठवते त्याच्या दहापट किलोवॅट देऊ शकणारी असेल तर २३ युनिटचीच घ्या. किलोमागे २०० वॅट-तास धरले तर ११५ किलो! त्यापेक्षा पंख्यांचं क्षेत्रफळ दुप्पट करा, शक्ती २९ टक्के कमी लागते. खाडीच्या खाऱ्या हवेत कनेक्टर मात्र सीलबंदच हवेत.