टेलिकन्व्हर्टर: कधी लावायचा, कसा लावायचा आणि कधी काढून ठेवायचा

टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी काचांची आखूड नळी. लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भाग मोठा करून ती सेन्सरवर टाकते. म्हणजे लेन्सची धार, अर्थात तिने दिलेला स्पष्ट तपशील, मोठी दिसते आणि तिचे दोषही तेवढेच मोठे होतात. हात हलणं, फोकस किंचित चुकणं, हवेतली गरम लहर, यांनाही हाच न्याय लागतो. म्हणून हे साधन आधीच बऱ्यापैकी जवळ असलेल्या, पण फ्रेममध्ये थोडा लहान पडणाऱ्या प्राण्यासाठी आहे. फार दूरचं हरीण जवळ आणायला त्याचा उपयोग होत नाही. अंतर जास्त असेल तर मधली हवाच तपशील खाऊन टाकते.

आधी उजेडाचा हिशेब पक्का करा. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप उजेड घेतो, २ पटीचा दोन स्टॉप. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. एफचा आकडा म्हणजे अॅपर्चर, लेन्समधलं छिद्र: आकडा मोठा तितका उजेड कमी. ५०० मिमी एफ/४ लेन्सला १.४ पट लावला की ती ७०० मिमी एफ/५.६ होते, २ पट लावला की १००० मिमी एफ/८. शटर तेवढाच ठेवायचा असेल तर ८०० आयएसओचं (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० होतं. कॅमेरा मीटरिंग, म्हणजे उजेडाचं मोजमाप, लेन्समधूनच करतो, त्यामुळे अॅपर्चर प्रायोरिटी किंवा ऑटो आयएसओमध्ये वेगळी भरपाई द्यावी लागत नाही. पूर्ण मॅन्युअलमध्ये मात्र शटर किंवा आयएसओ स्वतः बदलावा लागतो आणि घाईत नेमकं हेच विसरतं.

पहिला कन्व्हर्टर घ्यायचा तर १.४ पटीचाच घ्या. ३०० मिमी एफ/२.८, ४०० मिमी एफ/२.८, ५०० किंवा ६०० मिमी एफ/४ अशा प्राइम (एकाच फोकल लांबीच्या) लेन्सवर त्याने धारेत होणारा फरक इतका थोडा असतो की नीट प्रोसेस केलेल्या फोटोत तो शोधावा लागतो. २ पटीचा कन्व्हर्टर एफ/२.८ च्या प्राइमवर शोभतो, एफ/४ वर भरपूर उजेडात चालतो, त्यापुढे निराशा करतो. १५०-६०० मिमी एफ/६.३ सारख्या झूमला १.४ पट लावला तरी अॅपर्चर एफ/९ होतं. बहुतेक डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंत, काहींचा मधल्या मोजक्या पॉइंटवर एफ/८ पर्यंत चालतो, म्हणजे इथे तो थांबेल किंवा भटकत राहील. मिररलेस कॅमेरा सेन्सरवरच फोकस करतो, त्यामुळे तो एफ/९, एफ/११ वरही काम करतो, पण कमी उजेडात मंदावतो.

लेन्सशी जुळतो का, हे कंपनीच्या यादीत पाहूनच घ्या. बऱ्याच कन्व्हर्टरची पुढची काच बाहेर आलेली असते आणि ती लेन्सच्या मागच्या पोकळीत शिरते. पोकळी नसलेल्या लेन्सवर जोर केला तर काचेला काच घासते. काही झूमवर अर्धवट मर्यादा असते. कॅननच्या आरएफ १००-५०० मिमीवर कन्व्हर्टर असताना झूम फक्त ३०० ते ५०० या पट्ट्यातच फिरतो आणि लेन्स पूर्ण मिटत नाही, म्हणून बॅगेत जागा जास्त लागते.

बसवताना कॅमेरा बंद करा. आधी कन्व्हर्टर लेन्सवर खुणेला खूण जुळवून टक् आवाज येईपर्यंत फिरवा आणि मग ती जोडी कॅमेऱ्याला लावा. काढताना उलट क्रम. माउंटचं तोंड खाली ठेवा, वाऱ्याकडे पाठ करा, दोन्ही झाकणं आधी खिशात टाका. जड लेन्स असेल तर सगळा भार लेन्सच्या ट्रायपॉड फूटवर ठेवा. फक्त कॅमेरा धरून उचललं तर दोन्ही जोडांवर ताण येतो. गिंबल हेडवर (जड लेन्स तोलून फिरवणारं ट्रायपॉडचं डोकं) तोल मागे सरकलेला असतो, म्हणून प्लेट सैल करून पूर्ण जोडणी थोडी पुढे घ्या. लावल्यावर एक फोटो काढून माहितीत बदललेली फोकल लांबी, म्हणजे ५०० ला १.४ पटीने ७००, दिसते का ते बघा. मूळ ५०० च दिसत असेल किंवा अॅपर्चरचा आकडाच येत नसेल, तर सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा.

जंगलात नेण्याआधी अर्धा तास घरी चाचणीला द्या. ट्रायपॉडवर लेन्स लावून १० ते १५ मीटरवर बारीक छपाईचा कागद उभा करा. नुसत्या लेन्सने एक फोटो, कन्व्हर्टर लावून पूर्ण उघड्या अॅपर्चरवर एक, मग अॅपर्चर एक स्टॉप बंद (लहान) करून एक. दोन सेकंदांचा टायमर वापरा. नंतर नुसत्या लेन्सचा फोटो संगणकावर तेवढाच मोठा करून शेजारी ठेवा. १.४ पट क्रॉप केल्यावर २४ मेगापिक्सेलचे १२ उरतात, २ पटीला फक्त ६. कन्व्हर्टरच्या फोटोत अक्षरं स्पष्टपणे जास्त वाचता येत नसतील, तर त्या लेन्ससाठी क्रॉपच बरा. बहुतेक लेन्स एक स्टॉप बंद केल्यावर चांगल्याच सुधारतात, उदाहरणार्थ एफ/५.६ वरून एफ/८. त्यापुढे एफ/११ नंतर डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्यामुळे) धार पुन्हा मऊ होऊ लागते, दाट पिक्सेलच्या सेन्सरवर लवकर.

डीएसएलआर असेल तर या चाचणीत ऑटोफोकसचं सूक्ष्म समायोजन लेन्स अधिक कन्व्हर्टर या जोडीसाठी वेगळं करून साठवा. नुसत्या लेन्सचा आकडा या जोडीला लागू पडत नाही.

फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे किती भाग धारदार येतो ती, किती आटते, हे आकड्यात पाहिलं की सवयी बदलतात. फुल फ्रेमवर २० मीटर अंतरावर ५०० मिमी एफ/४ ला सुमारे ३८ सेंटिमीटर खोली मिळते. १.४ पट लावल्यावर ती २७ च्या आसपास येते, २ पटीला १९ च्या. लांब चोचीचा पक्षी तिरका बसला असेल तर डोळा आणि चोच दोन्ही धारदार येतीलच असं नाही. फोकस पॉइंट डोळ्यावरच ठेवा.

शटरसाठी बदललेली फोकल लांबी धरा: ८४० मिमीला (६०० मिमी आणि १.४ पट) हातात किमान १/१०००, बीनबॅगवर स्थिर प्राण्याला स्टॅबिलायझरच्या भरवशावर १/२५०, पण मग आठ-दहा फोटोंची मालिका काढा, त्यातले दोन-तीन धारदार निघतात. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० ते १/३२००. फोकस मर्यादेचा स्विच दूरच्या पट्ट्यावर ठेवा, नाहीतर एकदा चुकलेला फोकस जवळपासून अनंतापर्यंत पूर्ण फेरी मारून येतो. कॅननचे ईएफ कन्व्हर्टर अचूकतेसाठी फोकसचा वेग मुद्दाम कमी करतात, १.४ पटीला निम्मा आणि २ पटीला चौथा हिस्सा. झेपावणाऱ्या घारीसाठी ही जोडी घेऊ नका.

अरुंद फ्रेममध्ये प्राणी सापडेनासा होणं ही नव्याने वापरणाऱ्यांची नेहमीची अडचण. झूम असेल तर सगळ्यात रुंद टोकावर शोधा आणि मग आत या. प्राइम असेल तर दुसरा डोळा उघडा ठेवून जवळच्या खुणेवरून, म्हणजे फांदी किंवा दगडावरून, लेन्स सरकवा. फोकस आधीच त्या अंतरावर आणलेला असेल तर प्राणी धुक्यात हरवत नाही.

फोटो मऊ आला तर कारण शोधा, लगेच कन्व्हर्टरला दोष देऊ नका. मागचं किंवा पुढचं गवत धारदार आणि प्राणी मऊ असेल तर फोकसचं समायोजन चुकलंय. सगळीकडे एका दिशेला रेघ ओढल्यासारखं असेल तर कॅमेरा हलला आहे. एकाच मालिकेतले फोटो निरनिराळ्या जागी वाकडे-तिकडे, पाण्याखाली पाहिल्यासारखे दिसत असतील तर ती तापलेली हवा. शटर वाढवून ती जात नाही, अंतर कमी करावं लागतं किंवा सकाळची वेळ गाठावी लागते. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून फोटो काढतानाही हेच होतं. सगळा फोटोच फिका असेल तर दोन्ही टोकांच्या काचा ब्लोअरने साफ करा, आणि रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) कॉन्ट्रास्ट व कडांवरच्या रंगीत रेघा सुधारा.

एक फायदा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: कन्व्हर्टरने सर्वात जवळच्या फोकसचं अंतर बदलत नाही. सेन्सरवर वस्तूची तिच्या ०.२४ पट आकाराची प्रतिमा पाडणारी लेन्स १.४ पटीनंतर ०.३४ पट आकाराची प्रतिमा पाडते. फुलपाखरू, चतुर, सरडा यांना न घाबरवता दीड-दोन मीटरवरून टिपायला ही जोडी फार चांगली. घरट्याजवळ मात्र कितीही मोठी फोकल लांबी असली तरी पुढे जाऊ नका. पक्षी अस्वस्थ झाला की मागे सरकायचं.

पहाटेच्या आणि मावळतीच्या मंद उजेडात, आयएसओ तुमच्या कॅमेऱ्याला झेपणाऱ्या मर्यादेपलीकडे जाऊ लागला की कन्व्हर्टर काढून ठेवा. कळप समोर आला, प्राणी गाडीच्या दिशेने चालत येऊ लागला तरीही काढा, आणि हे प्राणी अजून दूर असतानाच करा. दोन कन्व्हर्टर एकावर एक लावायच्या मोहात पडू नका. उजेड, फोकस आणि धार तिन्ही एकदम जातात.