लाइट जाते तिथे नेटबीएसडी सोर्सपासून कसं बांधायचं

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दुकानातला पेंटियम फोर पीसी ३२-बिटचा, रॅम ५१२ एमबी. भंगारवाला न्यायला तयारच आहे, पण प्रिंटर सांभाळायला एवढं यंत्र पुष्कळ झालं. डेबियन लिनक्सने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं, नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमची दहावी आवृत्ती मात्र अजून त्यावर चालते. तिची तयार इमेजही मिळते. नुसती चालवायची असेल तर ती घ्या आणि पुढचं वाचूच नका. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आपल्या यंत्रापुरता छाटायचा असेल, सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या की सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, स्वतः बांधायच्या असतील, तर राजेहो, बसा. आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, टंकताना इंग्रजी अक्षरं वापरा.

नेटबीएसडी हा प्रकल्प १९९३ चा. मला तो पटतो तो 'बिल्ड डॉट एसएच' या एका स्क्रिप्टमुळे. २००२ च्या १.६ आवृत्तीपासून ती सोबत येते. बांधकाम नेटबीएसडीवरच करा असा तिचा हट्ट नाही. मी ६४-बिटच्या डेबियन लॅपटॉपवर बांधते आणि माल जुन्या पीसीसाठी निघतो. लॅपटॉपवर सी आणि सी++ चा कंपायलर (कोडचा चालता प्रोग्राम करणारा) आणि झेडलिबच्या डेव्हलपमेंट फाइली तेवढ्या हव्यात. आधी ती स्क्रिप्ट आपला स्वतःचा कंपायलर बांधते, मग त्या कंपायलरने बाकी सगळं.

सोर्स आणण्यापासून सुरुवात. मोबाइलच्या नेटवर गिट क्लोन करायला जाऊ नका. मधेच रेंज गेली तर क्लोन अर्ध्यावरून पुढे चालत नाही, पहिल्यापासून ओढावं लागतं, आणि दिवसाचा डेटा तिथेच संपतो. आवृत्तीसोबत सोर्सच्या टार फाइली ठेवलेल्या असतात: एसआरसी, सिसएसआरसी, शेअरएसआरसी, जीएनयूएसआरसी आणि एक्सएसआरसी. पाचवी खिडक्यांच्या ग्राफिक्ससाठी असते. प्रिंटर सांभाळणाऱ्या पीसीला ती लागत नाही, तेवढा डेटा वाचला. बाकीच्या चार 'डब्ल्यूगेट डॅश सी'ने आणायच्या, म्हणजे तुटलं तिथून पुढे चालू होतं. मी रात्री उशिरा लावते, गावात तेव्हा रेंज बरी असते. त्याच फोल्डरात एसएचए-५१२ नावाची फाइल असते. उतरलेल्या फाइलींची बेरीज (चेकसम) तिच्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेली फाइल बांधकाम निम्म्यावर आल्यावर दगा देते, आणि तेव्हा कारण सुचत नाही.

आता जागा. चाळीस-पन्नास जीबी मोकळी ठेवा. बाहेरची हार्ड डिस्क वापरणार असाल तर आधी ती ईएक्सटी-फोरमध्ये फॉरमॅट करा. दुकानातून आणलेली डिस्क बहुतेक एक्सफॅटची असते, तिच्यात सिम्बॉलिक लिंक बनत नाहीत आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही धरला जात नाही. सोर्सला दोन्ही लागतं. फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडू नका.

डिस्कवर चार फोल्डर करायचे: सोर्स, ऑब्ज, टूल्स, रिलीज. जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी, रुई आणि सरकी कोणी एका ढिगात ठेवत नाही, तसंच हे. बांधताना निघणाऱ्या हजारो फाइली ऑब्जमध्ये, नवा कंपायलर टूल्समध्ये, पक्का माल रिलीजमध्ये. टार फाइली सोर्समध्ये उलगडायच्या, आणि मग सोर्सला बोट लावायचं नाही. काही बिघडलं तर ऑब्ज उडवता येतं, सोर्स पुन्हा उतरवावा लागत नाही. ज्याला डेटा विकत घ्यावा लागतो त्याला हे वेगळं समजावायला नको.

बांधायच्या आधी सोर्समधली 'बिल्डिंग' फाइल वाचा. लांब आहे, कंटाळा येतो, तरी वाचा. पुढे आवृत्ती बदलताना 'अपडेटिंग' वाचा.

मग आज्ञा. बिल्ड डॉट एसएचला डॅश लावून ही अक्षरं द्यायची: मोठा यू म्हणजे रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) न होता बांधणं, फाइलींचे मालक आणि परवानग्या ती एका यादीत लिहून ठेवते. छोटा यू म्हणजे झालेलं पुसू नकोस, राहिलेलंच बांध. लहान-मोठ्याचा घोळ इथेच होतो, आणि आमच्याकडे तो महागात पडतो: छोटा यू विसरलात तर लाइट आल्यावर ती सगळं झाडून पहिल्यापासून सुरू करते. मोठा ओ, मोठा टी, मोठा आर यांच्यापुढे ऑब्ज, टूल्स, रिलीजचे पूर्ण पत्ते. छोटा एम, पुढे आय३८६, हे ३२-बिट पीसीचं नाव. छोटा जे, पुढे एकाच वेळी किती कामं चालवायची तो आकडा. चार जीबी रॅम असेल तर दोनच द्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कोर कितीही असले तरी मी दोनच देते. प्रोसेसर तापला की आपोआप मंदावतो, जास्त कामं लावून काही हाती लागत नाही. लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी ठेवू नका, त्या हवेत पाण्याचे बारीक तुषार असतात.

शेवटी 'टूल्स' हा शब्द देऊन आज्ञा चालवा. कंपायलर याच टप्प्यात बांधला जातो, वेळ खातो. तो झाला की तीच आज्ञा 'रिलीज' शब्दाने. दोन्ही टीमक्सच्या आत चालवा, म्हणजे खिडकी चुकून बंद झाली तरी काम चालू राहतं, आणि सगळं बोलणं 'टी' (टी-ई-ई) आज्ञेने एका लॉग फाइलमध्ये उतरवा. अडलं तर शेवटी 'बिल्ड अबॉर्टेड' दिसेल, पण खरं कारण तिथे नसतं. दोन कामं सोबत चालतात, एक पडतं तरी दुसरं थोडा वेळ बडबडत राहतं. लॉगमध्ये वर जाऊन 'एरर' हा शब्द पहिल्यांदा कुठे आला ते शोधा.

लाइट जाण्याबद्दल. लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर लाइट गेल्यावर कंट्रोल-सी दाबा. बिल्ड डॉट एसएच आतून 'मेक' नावाचा प्रोग्राम चालवते, तो मेक अर्धवट फाइल बहुतेक वेळा स्वतः काढून टाकतं आणि सुटसुटीत थांबतं. पण यंत्र एकदम बंद पडलं तर डिस्कवर शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइली उरू शकतात. मेक फक्त तारीख-वेळ बघतं. फाइल नवी दिसली की झाली समजून पुढे जातं, आणि लिंक करताना भलत्याच ठिकाणी रडतं. म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी 'फाइंड'ने ऑब्जमधल्या डॉट-ओ नावाच्या, शून्य आकाराच्या फाइली शोधून पुसा. लाइट जायच्या आधीच्या दहा मिनिटांत बदललेल्या फाइलीही पुसल्या तर आणखी बरं, त्या पुन्हा बनतात. आणि घड्याळ बघा. जुन्या यंत्राचा सीमॉस सेल संपलेला असला की तारीख मागे जाते आणि मेकचा सगळा हिशोब कोलमडतो. आधी तारीख दुरुस्त, मग बांधकाम.

कर्नल छाटायचा तर सोर्समधल्या सिस, आर्च, आय३८६, कॉन्फ या वाटेने जा. तिथली 'जेनेरिक' बदलू नका. आपल्या नावाची नवी फाइल करा, पहिल्या ओळीत जेनेरिकला इन्क्लूड करा आणि खाली नको त्यासमोर 'नो' लिहा. पण आधी पीसीवर तयार इमेज टाकून 'डीमेसेज' (डी-एम-ई-एस-जी) बघा. कोणतं उपकरण कोणत्या बसवर, म्हणजे आतल्या जोडणीच्या वाटेवर, टांगलेलं आहे ते त्यात ओळीने लिहिलेलं असतं. डिस्कची बसच काढली तर डिस्क कुठून दिसणार बाप्पा! मग बिल्ड डॉट एसएचला 'कर्नल', बरोबरचं चिन्ह आणि आपल्या फाइलचं नाव द्या.

पीसीवर चढवताना क्रम पाळा: आधी कर्नल, मग बाकीचं. नव्या कर्नलवर जुने प्रोग्राम चालतात, उलट चालतीलच असं नाही. जुन्या कर्नलचं नाव 'नेटबीएसडी डॉट ओल्ड' करून तो तिथेच ठेवा. नवा उठला नाही तर बूटच्या वेळी त्याचं नाव टंकून जुना उठवता येतो. नवा नीट उठला की रिलीजमधले बाकीचे सेट (सिस्टीमच्या भागांच्या टार फाइली) उलगडा, फक्त 'ईटीसी'चा सेट थेट उलगडू नका, तुमचे पासवर्ड आणि नेटवर्कची मांडणी त्याखाली दबेल. त्यासाठी 'ईटीसीअपडेट' आहे, ते एकेक फरक दाखवून विचारतं. नंतर 'पोस्टइन्स्टॉल चेक', आणि त्याने काही दाखवलं तर 'फिक्स'.

पीसी दोन-चार दिवस बिनबोभाट छापत राहिला की जागेसाठी ऑब्ज उडवायला हरकत नाही. टूल्स मात्र ठेवा. त्याच शाखेची पुढची दुरुस्ती आली की बहुतेक वेळा तोच कंपायलर कामी येतो, आणि एखादाच प्रोग्राम बदलला असेल तर सोर्समधल्या त्याच्या फोल्डरात जाऊन टूल्समधलं 'एनबीमेक-आय३८६' चालवलं की तेवढाच बांधून निघतो.