कोकणातील निवासी शिबिर: सोबत जाणाऱ्या शिक्षकासाठी

घाटावरच्या शाळेतील मुले दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर तीन दिवसांच्या निवासी निसर्ग शिबिराला जातात, तेव्हा होडी, कायाक, सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरची, भटकंती आणि खडकांतल्या जीवांची ओळख हे सारे प्रशिक्षकांच्या हाती असते, आणि त्यामुळे सोबत गेलेला शिक्षक नकळत पाहुण्यासारखा वागू लागतो. तसे होऊ देऊ नये. प्रशिक्षकाला समुद्र ठाऊक असतो, पण मुले ठाऊक नसतात. दमा कोणाला आहे, पोहता येते असे कोण उगाच सांगतो, घाबरले तरी तोंड कोण उघडत नाही, हे फक्त आपल्याला माहीत असते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. किनाऱ्यावर मुले नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही तारीख लक्षात ठेवावी. शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीत पाण्याविषयी ज्या अटी असतील त्या निघण्यापूर्वी सर्व सहकाऱ्यांना वाचून दाखवाव्यात आणि प्रशिक्षकांनाही कळवाव्यात.

शक्य असल्यास महिनाभर आधी एकदा स्वतः जाऊन जागा पाहावी. निवास बहुधा नारळ-पोफळीच्या आगरात असतो. तिथल्या विहिरीला कठडा किती उंच आहे, रात्री स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा आहे का, आणि मुलांना जेवायला बसवतात ती जागा लगडलेल्या माडाखाली तर येत नाही ना, हे पाहावे. नारळ पडण्यापूर्वी सूचना देत नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरची लस शिल्लक आहे का, याची चौकशी प्रत्यक्ष जाऊन करावी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी दूरध्वनीवरून पुन्हा करावी. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर दगडांखाली फुरसे हे विषारी सापाचे जनावर असते. ते लहान असल्यामुळे मुले त्याला पिल्लू समजतात. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. मुलाला चालू न देता दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा, १०८ ला कळवावे आणि थेट रुग्णालय गाठावे. विंचवासाठी सकाळी बूट झटकण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी.

दिवसाचे वेळापत्रक समुद्र ठरवतो, म्हणून भरती-ओहोटीचा हिशेब शिक्षकाला स्वतःला आला पाहिजे. किनाऱ्यावरची जुनी रीत अशी की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. षष्ठीला साडेचारच्या सुमारास भरती, म्हणजे साडेदहाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. रोज ही वेळ सुमारे पाऊण तास पुढे सरकते. हा अंदाज छापील भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहावा आणि शेवटचा शब्द गावातल्या मच्छीमाराचा मानावा. खडकांवरचे निरीक्षण पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी सुरू करून पाणी फिरताच आटोपते घ्यावे, कारण मुले पुढच्या डबक्यातला खेकडा पाहत असतात तेव्हा मागची वाट भरत असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते; त्या दिवसांत ही घाई आणखी करावी. खडकांवर चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, तेव्हा अनवाणी कोणालाही जाऊ देऊ नये.

होडीत किंवा कायाकमध्ये बसण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या जीवरक्षक जाकिटाचे खांदे दोन्ही हातांनी धरून वर उचलावेत. जाकीट कानापर्यंत वर आले तर ते सैल आहे आणि पाण्यात ते मुलाच्या डोक्यावरून निघून जाईल. हे काम प्रशिक्षकाने केले असले तरी आपण पुन्हा करावे. हर्णैहून सुवर्णदुर्गाकडे जाताना होडीवाला मुलांची संख्या पाहून दोन खेपा करू म्हणाला तर आनंदाने हो म्हणावे, आणि तो म्हणाला नाही तर आपण म्हणावे. वारा वाढलेला दिसला, किंवा आपल्याला नुसती शंका आली, तरी उपक्रम थांबवण्याचा अधिकार शिक्षकाला असतो. पैसे भरलेले आहेत, मुले हिरमुसतील, ही कारणे त्यापुढे टिकत नाहीत.

मोजणीविषयी मला जरा विस्ताराने सांगायचे आहे. एका शिबिरात हर्णै बंदरावरचा माशांचा लिलाव पाहून परतताना आमची संख्या ४२ ऐवजी ४१ आली. आम्ही जोड्या लावल्या होत्या आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदारावर लक्ष ठेवायचे होते. वीस मिनिटांनी तो मुलगा सापडला. टोपलीतल्या पाकट माशाच्या शेपटीवरचा काटा पाहत तो एका कोळीणीशेजारी उकिडवा बसला होता आणि 'हात लावू नको हां बाळा' असे ती त्याला बजावत होती. त्याचा जोडीदार पोट दुखत असल्याने निवासावर थांबला होता आणि आम्ही नवी जोडी लावायला विसरलो होतो, म्हणून त्याच्या नसण्याची दखल घेणारे कोणी उरले नव्हते. तेव्हापासून कोणी आजारी पडले की आधी त्याच्याजवळ एक मोठे माणूस ठेवतो आणि लगेच उरलेल्याला तिघांच्या गटात घालतो. मोजणी डोकी मोजून न करता नावे घेऊन करावी, पाण्यात उतरण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर तीच यादी वापरावी, आणि दहा मुलांमागे एक मोठे माणूस याहून विरळ व्यवस्था पाण्याजवळ स्वीकारू नये.

रात्र ही शिक्षकाची खरी पाळी असते. मुलींच्या खोल्यांची जबाबदारी शिक्षिकेकडेच असावी आणि बाहेरचे कोणीही, प्रशिक्षकसुद्धा, मुलांच्या खोलीत एकटे जाऊ नये. घरची आठवण बहुधा दिवे मालवल्यावर येते. अशा मुलाला लगेच फोन जोडून देण्यापेक्षा शेजारी बसून उद्या काय करायचे ते बोलावे. एखाद्या मुलीची पाळी पहिल्यांदाच शिबिरात येऊ शकते, एखाद्या मुलाचे अंथरूण ओले होऊ शकते. दोन्हीसाठी लागणारे सामान शिक्षकाच्या पिशवीत असावे, म्हणजे कोणाला मागायची वेळ येत नाही. जेवणात कोळंबी किंवा तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) असतील तर ज्यांनी त्या कधी खाल्लेल्या नाहीत त्यांना आधी थोड्याच द्याव्यात आणि अंगावर पित्त उठते का ते पाहावे.

परतीच्या दिवशी घाटात उलटी होणाऱ्या मुलांना पुढच्या आसनांवर बसवावे आणि प्रत्येक थांब्यानंतर नावे घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नये. शाळेच्या फाटकाशी ज्याचे पालक उशिरा पोहोचणार असतील त्याच्याजवळ थांबावे, आणि न्यायला आलेल्याची सही यादीत त्या नावापुढे घेतल्यावरच घरी निघावे.